पंचावन्न अंशांची पंगत

मी संताजीराव, इंदूरच्या कॉलेजातल्या वर्कशॉपचा मिस्त्री. आमचं मोठं चुंबक मी बांधलं. गणित नानासाहेबांचं, ते फिजिक्सचे मुख्य. पण तांब्याची तार एकेक वेढा मोजून मी गुंडाळली. माझे आजोबा होळकरांच्या तोफखान्यात होते. तोफेचं तोंड किती अंश उचलायचं ते नुसता अंगठा डोळ्यासमोर धरून सांगत. एकदा त्यांनी छत्रीबागेतून उडवलेला गोळा देवासच्या टेकडीला शिवून परत आला आणि आजीनं तो वरवंटा म्हणून वापरला. घरी या, दाखवतो.

तर सन एकाहत्तर. यशोधरा आमच्याकडे पीएचडी करत होती. तिचा पदार्थ पिवळट, मेणासारखा. तापवला की पाण्यासारखा पातळ होई, आणि निवताना घट्ट व्हायच्या आधी मधेच एका अवस्थेत रेंगाळे. वाहणाराही आणि शिस्तीचाही. त्याला म्हणतात द्रव स्फटिक. ही शिस्त दोन तऱ्हांची. नेमॅटिक म्हणजे मिरवणूक: सगळ्यांची तोंडं एकीकडे, पण जो तो वाटेल तिथे घुसलेला. स्मेक्टिक म्हणजे पंगत: रांगेमागे रांग, थरावर थर, पाट सोडून कोणी हलायचं नाही. यशोधराचं म्हणणं, माझी पंगत आहे. तीन वर्षांचं काम या एका वाक्यावर उभं होतं.

ते ठरवायचं कसं? पदार्थ काचेच्या नळीत घालून चुंबकाच्या मधे उभा करायचा. त्यातल्या हायड्रोजनची अणुकेंद्रं म्हणजे इवलाली चुंबकंच. त्यांना रेडिओच्या लहरी ऐकवायच्या, की ती बरोबर एका सुरावर डोलतात आणि पेन कागदावर दोन शिखरं काढतं. आता नळी तिच्या जागीच फिरवा. मिरवणूक असेल तर सगळे रेणू पुन्हा चुंबकाकडे तोंड करतात, शिखरं जिथल्या तिथे. पंगत असेल तर ती नळीबरोबर फिरते, शिखरं जवळ जवळ येतात, आणि पंचावन्न अंशांना किंचित कमी असताना दोन्हींचं एकच होतं. नळीच्या माथ्यावर अंश कोरलेली पितळी चकती माझ्या हातची. आजोबांचा अंगठा माझ्या कानशीत उतरला होता म्हणा.

परीक्षक आले मुंबईहून, डॉ. तेलंग. सडपातळ, कपाळाला आठी, खिशात स्लाइडरूल, आकडेमोडीची सरकती पट्टी. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत.

"चार्ट मी प्रबंधात पाहिले. माझ्यासमोर काढा. पावणेतीनला निघायचंय मला, गाडी आहे."

यशोधरानं मशीन लावलं. मी नळी बसवली. पेन फिरलं आणि कागदावर एक पसरट ढिगारा उमटला. शिखरं कुठेच नाहीत. वीस अंश फिरवलं, तोच ढिगारा. पन्नास, तोच.

"फिरवून काहीच फरक पडत नाही," तेलंग म्हणाले. "मग थर कसले? नेमॅटिकच दिसतंय, तेही मळकं. बाई, पुन्हा शुद्ध करा, पुढच्या वर्षी बघू."

यशोधराचा चेहरा चुन्यासारखा झाला. नानासाहेब चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छच होता.

"काका," ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "नळी आत निववलीत ना? चुंबक चालू ठेवून?"

नव्हती. पाहुणा मुंबईचा. त्याला ताटकळत ठेवायचं म्हणजे इंदूरची इज्जत गेली. म्हणून मी सकाळीच पदार्थ वितळवून, बाहेर टेबलावर निववून, नळी तयार ठेवली होती, पाहुणा यायच्या आत ताट वाढून ठेवावं तशी. पण पंगत बसवतं चुंबक. ते समोर नसेल तर जो तो आपापली टोळी करून हव्या त्या दिशेला बसतो. मग नळी कितीही फिरवा, चित्र तेच.

"साहेब," मी पुढे झालो, "चूक माझी. मुलीची नाही. नळी मी बाहेर निववली. पुन्हा वितळवून चुंबकात निववू द्या. तास-सव्वा तास लागेल."

"मी गेस्ट हाउसवर जातो. रिपोर्ट तिथेच लिहीन."

तिथे गेले की परत यायचे नाहीत, हे भिंतीलाही कळत होतं. यशोधरानं लगेच नळीभोवती गरम हवा सोडली. माझ्या हातात एकच काम उरलं, पाहुण्याला तेवढा वेळ अडकवून ठेवायचं.

"बिल्कुल जा साहेब," मी म्हणालो, "फक्त टांगा जरा लांब उभा करायला सांगतो. पहिल्या दिवशी हे चुंबक चालू केलं, तर रस्त्यावरून जाणाऱ्या टांग्याचा घोडा जागीच चिकटला. चारी नाल! शेवटी नाल उपटून काढले, तेव्हा बिचारा अनवाणी पलासियापर्यंत चालत गेला."

तेलंग दारात थांबले. "कसला घोडा?"

"पांढरा."

"रंग नाही विचारला! चुंबकीय क्षेत्र किती तुमचं?"

"सात हजार गाउस."

"दोन ध्रुवांमधे सात हजार. रस्ता किती लांब?"

"साठ पावलं. घोड्याची."

"अहो, तिथे काही उरतच नाही!" ते परत आले, बसले, स्लाइडरूल काढली. "नालाचं वजन सांगा."

मी वजन सांगितलं. मग म्हणालो, शिवाय घोडा तांब्याच्या घंटा घालायचा. तेलंग ओरडले, तांब्याला चुंबक ओढत नाही! मी म्हणालो, इंदूरचं तांबं वेगळं. त्यांनी नवा कागद घेतला. पोहे आले, त्यांवर शेव आली, त्यांनी डाव्या हातानं खाल्ले. नानासाहेब खिडकीकडे तोंड करून, हसू दाबत खांदे हलवत होते. पलीकडे यशोधरा डोळा न हलवता एकेक अंश तापमान उतरवत होती.

"झालं!" तेलंग गरजले. "तुमच्या नालावर मुंगीच्या पायाइतकंही बळ नाही. साफ थाप!"

"सर," यशोधरा म्हणाली, "माझंही झालं. चकती तुम्हीच फिरवा."

ते उठले. शून्यावर पेनानं दोन शिखरं काढली, देवळाच्या कळसांसारखी, मधे लख्ख दरी. वीस अंशांवर दरी अरुंद झाली. चाळिसावर आणखी. तेलंगांनी श्वास रोखून चकती पंचावन्नाच्या अलीकडे आणली, आणि दोन कळसांचा एक उंच कळस झाला. पुढे फिरवली तर पुन्हा दोन.

त्यांनी चकतीवर बोट फिरवलं. "ही कुणी कोरली?"

"तोफखान्याची आहे," मी म्हणालो.

"हे मात्र खरं वाटतं." मग ते यशोधराकडे वळले. "थर आहेत, डॉक्टर. अभिनंदन."

तिनं मला वाकून नमस्कार केला. मी चकती पुसायला लागलो. चकती स्वच्छच होती.

जाताना तेलंगांनी घोड्याच्या गणिताचे तीनही कागद माझ्या हातात ठेवले. खाली लिहिलं होतं, 'संताजीरावांचे विधान असत्य, सिद्ध', आणि झोकदार सही. फ्रेम करून भिंतीवर लावलंय. इंदुरात थापा मारणारे शेकडो, भिया. पण मुंबईच्या प्रोफेसरानं तीन पानं खर्चून खोटा ठरवलेला मी एकटाच.