मी आत्ता कोण?

आई घरी बसून तीन ठिकाणचे सर्व्हर सांभाळायची: एक दवाखाना, एक वाचनालय, एक बिस्किटांचा कारखाना. तिन्हींच्या क्लाउडच्या चाव्या, म्हणजे आत शिरायचे पासवर्ड, एकाच लॅपटॉपवर. एकदा दवाखाना समजून तिने वाचनालयाचं मशीन बंद केलं. तेव्हापासून कुठलीही कमांड देण्याआधी ती मोठ्याने विचारायची, "मी आत्ता कोण?" आणि स्क्रीनवरचं नाव बघूनच पुढे जायची.

त्या मंगळवारी मी पलीकडच्या खोलीत प्रुफं तपासत होते.

"मी आत्ता कोण?"

"धांदरट."

"ते कायमचंच. इथे बिस्किटं लिहिलंय."

"मग एखादा पुडा मागव."

"एकदा तरी सरळ उत्तर दे की गं."

"सरळ उत्तर स्क्रीन देतेच आहे."

थोड्या वेळाने तिचा चष्मा हरवला. "त्याला टिंब लावलं असशील," मी म्हणाले. तिनेच शिकवलं होतं: नावाआधी टिंब दिलं की फाईल यादीत दिसत नाही, असते तिथेच. तिची सगळी सेटिंग्ज अशाच टिंबवाल्या फायलींत होती. चष्मा डोक्यावर निघाला.

"बघ, होता ना तिथेच," ती म्हणाली, जणू मीच हरवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही.

तीन आठवड्यांनी तिची सहकारी आली. पासवर्डच्या बाबतीत इतकी कडक की आम्ही तिला कुलूपवाली मावशी म्हणायचो. गिऱ्हाइकांच्या चाव्या लॅपटॉपवरून काढायच्या होत्या. एका चावीवरून दुसरीवर जायला आईने स्वतःच कमांड लिहिली होती. ती चालवली की स्क्रीनवर यायचं, "मी आत्ता कोण?" मावशी नाव टाइप करायची, ती चावी काढायची. दवाखाना गेला. वाचनालय गेलं. बिस्किटं गेली.

"टिंबवाल्या फाईलमध्ये चौथं नाव आहे," मावशी म्हणाली. "काही न लिहिता एंटर दाबलं की हेच लागतं. धांदरट. कुठलं गिऱ्हाईक हे?"

"घरचं. आमचे फोटो असतील."

"काढू?"

"नको."

तिने कमांड पुन्हा चालवून लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. प्रश्न आला, त्याच्यापुढे कर्सर लुकलुकत राहिला.

"आई," मी म्हणाले. "माझी आई."

"टाइप करावं लागतं गं," मावशी हळूच म्हणाली.