अँब्रोज विणकराची जिवंतपणीची वाटणी

मित्रांनो, मी एक जुना माग आहे. जुना म्हणजे किती? ज्या ओकच्या झाडापासून मी झालो, ते वादळात पडलं तेव्हा इंग्लंडच्या गादीवर राणी होती. आता यॉर्कशरच्या डोंगरातल्या एका कोठारात मी उभा आहे. खाली खोऱ्यात पाण्यावर चालणारे कारखाने आले, तेव्हापासून मला काम नाही. माझ्या आडव्या दांडीवर कोंबड्या झोपतात. सुरुवातीला फार वाईट वाटायचं. पण कोंबड्या स्वभावानं बऱ्या असतात, आणि माझ्यापाशी आठवायला अँब्रोज आहे.

अँब्रोज माझा पहिला धनी. त्याच्या लग्नाच्या वेळी गावच्या सुतारानं मला घडवलं. खिळा एकही नाही, नुसत्या खुंट्या आणि पाचरी. मी इतका रुंद, की दोघांनी शेजारी बसून विणावं. एकानं धागा भरलेला धोटा फेकावा, दुसऱ्यानं झेलावा. अँब्रोज आणि त्याची बायको आयसट तसंच विणत. ती गेल्यावर तो माझ्या मधोमध एकटा बसून अरुंद कापड विणू लागला. माझ्या दोन्ही बाजू मोकळ्या राहिल्या.

त्याची मुलगी एमट माझ्या खालीच रांगली, मग धाग्याच्या कांड्या भरू लागली आणि मग विणायला शिकली. मुलगा गिल्बर्ट मात्र खालच्या पावड्यांवर पाय ठेवला की पेंगायचा. तो पुढे गाडीवान झाला. एमट लग्न होऊन डोंगरापलीकडे एका मेंढपाळाच्या घरी गेली. तिथे माग नव्हता. ती लोकांची लोकर कातून द्यायची.

एका हिवाळ्यात अँब्रोजची छाती कफानं भरली. श्वास घेताना तो माझ्या सुटलेल्या पाचरीसारखा करकरू लागला. हा काही आता उठत नाही, असं सगळ्यांनीच धरलं, त्यानंही. मृत्युपत्र लिहायला पाद्रीबाबांना बोलावलं. मोठा पितळी हंडा बहिणीला, थॉमसिनला. पिसांच्या गादीचा पलंग गिल्बर्टला. रविवारी चर्चला घालायचा चांगला झगा शेजाऱ्याला. मग माझी पाळी आली.

"माग अर्थात मुलाला," असं म्हणत पाद्रीबाबांनी लेखणी टेकवलीसुद्धा.

"थांबा," अँब्रोज म्हणाला. "माग एमटला. माझ्या गिल्बर्टच्या पायांत चालणं आहे, बसणं नाही."

मुलगा असताना माग मुलीला, असं त्या खोऱ्यात झालं नव्हतं. मला गिल्बर्टची भीती वाटली. पण त्यानं असा काही सुस्कारा सोडला, की पाठीवरचं लोकरीचं गाठोडंच उतरलं जणू.

अँब्रोज तेवढ्यावर थांबला नाही. मी मेल्यावर वाद घालाल, त्यापेक्षा माझ्या डोळ्यांदेखत घेऊन जा, असा त्यानं हट्टच धरला. पलंगाला गिल्बर्ट हात लावेना. तेव्हा अँब्रोज त्याच्यावरच चिडला. तुझी बायको आज उद्या बाळंत व्हायची, तिला ऊब हवी. मला गवताची गादी पुष्कळ झाली, म्हणाला. शेवटी हंडा गेला, पलंग गेला, झगा गेला. मलाही खुंट्या काढून सुटं केलं आणि गिल्बर्टच्या गाडीतून डोंगरापलीकडे नेलं.

एमटनं मला खिडकीपाशी उभं केलं. पहिला धागा भरताना ती बापासाठी रडत होती. कापड मात्र हसरं निघत होतं. गाणं न म्हणता कुणी इतक्या तालात विणतं, हे मी तेव्हाच पाहिलं.

आणि अँब्रोज बरा झाला!

गवताच्या गादीमुळे की थॉमसिननं पाजलेल्या मटणाच्या रश्श्यामुळे, कोण जाणे. वसंतात तो उठला, तर घर रिकामं. रविवारी चर्चमध्ये त्याचाच झगा त्याच्या पुढच्या बाकावर बसलेला. बहिणीकडे हंडा मागायला गेला, तर ती दारातच उभी राहिली.

"दिलेलं परत मागतात होय रे? आणि मी तुझ्यासाठी महिनाभर रडले, ते मला कोण परत देणार?"

हे सगळं त्यानं स्वतःच एमटला सांगितलं. मी ऐकलं ते तेव्हा. तो गिल्बर्टला गाडीसकट घेऊन आला होता. गाडी कशासाठी, ते न सांगताही कळत होतं. एमटनं त्याला मिठी मारली, ओटची भाकरी आणि चीज पुढे ठेवलं. पण बोलता बोलता तिचा हात माझ्या दांडीवर आला आणि तिथेच घट्ट राहिला. बाप जगला म्हणून तिला आनंद होता, आणि त्या आनंदातही माझी काळजी वाटते म्हणून लाज. हे सगळं त्या हातातून मला कळत होतं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "एवढं कापड पुरं होऊ द्या. मग न्या."

अँब्रोज उठला. त्यानं अर्ध्या झालेल्या कापडावरून बोटं फिरवली, एकदा, पुन्हा एकदा. मग खिडकीतून वाकून गिल्बर्टला सांगितलं, की गाडी रिकामीच परत ने.

"डावी कड सैल पडतेय तुझी," तो एमटला म्हणाला. "सरक जरा तिकडे."

तो तिच्या शेजारी बसला. माझ्या दोन्ही बाजू भरल्या. ते कापड उतरल्यावर त्यांनी माझ्यावर पूर्ण रुंदीचा, उभ्या धाग्यांचा ताणा चढवला. एमट धोटा फेकायची, अँब्रोज झेलायचा. झेल चुकला की ती म्हणायची, "बाबा, मेलात की काय?" आणि तो म्हणायचा, "अजून नाही. पण मेलो असं तुझ्या आत्याला सांगू नकोस, पुन्हा महिनाभर रडेल." त्यांचं रुंद कापड बाजारात लोक दोन्ही हातांनी चाचपून बघत.

अँब्रोज तिथेच राहिला. बरीच वर्षं जगला, आणि एका सकाळी खिडकीपाशी उन्हात बसल्या बसल्या शांतपणे गेला.

माणूस गेला की शेजाऱ्यांनी येऊन त्याच्या वस्तूंची नोंद करायची, ही तिथली रीत. शेजारी आले. त्यांना एक काठी, दोन सदरे आणि एक लोकरीची टोपी सापडली. मग त्यातल्या एकानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"हा कुणाचा?"

"बाबांचा," एमट म्हणाली.

"अगं, तो तर केव्हाच तुला दिलेला. साऱ्या खोऱ्याला ठाऊक आहे."

"माझाच आहे. पण कुणी विचारलं की तोंडात बाबांचंच नाव येतं."

गिल्बर्ट म्हणाला, आमच्याही घरी बाबांचा पलंग असंच म्हणतात. त्यावर जन्मलेली पोरंसुद्धा. तेव्हा सगळ्यांनी थॉमसिनकडे पाहिलं. ती आता फार म्हातारी झाली होती.

"हंडा मात्र माझा आहे," ती ठणकावून म्हणाली, आणि एप्रनला नाक पुसत बराच वेळ तोंड फिरवून बसली.

मित्रांनो, द्यायचं असेल ते आपल्या हातानं, हसत द्या. मिळालेली वस्तू नुसती झाकून ठेवू नका, कामाला लावा. आणि घरातल्या एखाद्या जुन्या वस्तूवरची धूळ पुसाल, तेव्हा ती कुणाची होती ते एकदा मोठ्यानं म्हणा. आम्हाला ऐकू येतं.