डाव्या बाजूची जागा

हनुमंतराव गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा एक धड फोटो घरात सापडला नव्हता. लातूरच्या एका दालमिलमध्ये फिटर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली, आणि चाळणीपासून पट्ट्यापर्यंत कुठलंही यंत्र डोळे मिटून उघडणाऱ्या या माणसाचे डोळे कॅमेऱ्यासमोर मात्र नेमके मिटायचे. लग्नाच्या अल्बममध्ये मिटलेले, पुनमच्या बारशात मिटलेले, तिच्या लग्नात पाठवणीच्या वेळी मिटलेले. शेवटी मिलच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात डोळे उघडे होते, पण चेहरा कुण्या परक्याचा वाटावा इतका ताठ होता. सत्यशीलाबाई रोज त्याला हार घालत, अगरबत्ती ओवाळत, पण त्याच्याशी दोन शब्द बोलावेत असं त्यांना कधी वाटलं नाही.

फोटोंची ही उणीव भरून काढायची म्हणूनच खरं तर पुनमने ती सहल ठरवली होती. ती नांदेडला दिली होती, तिथेच एका बँकेत नोकरी करत होती. आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यांना हैदराबादला पाठवायचं, तिथे एक फोटोग्राफर स्वतःची गाडी घेऊन येईल, दिवसभर फक्त या दोघांनाच शहर दाखवील आणि जागोजागी फोटो काढील, असा तिचा बेत. बाबांना आधी कळलं तर ते नको म्हणतील म्हणून त्यांना सांगायचं नाही, असं मायलेकींनी ठरवलं होतं. हनुमंतराव कामानिमित्त कितीदा तरी हैदराबादला जाऊन आले होते आणि दर वेळी बायकोला म्हणाले होते की पुढच्या खेपेला तुला नेतो.

सहल आठवड्यावर आली असताना एका सकाळी सत्यशीलाबाईंना कणकण वाटत होती. रोज आधी उठून चहा ठेवण्याचं काम त्यांचं. त्या उठायला लागल्या तर हनुमंतरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तू पड. मी ठेवतो आज," एवढंच ते म्हणाले. त्यानंतर स्वयंपाकघरातून पातेलं पडल्याचा आवाज आला. त्या आत गेल्या तेव्हा गॅस चालू होता आणि ओट्यापाशी हनुमंतराव एका कुशीवर, झोपल्यासारखे पडले होते.

वर्ष सरलं. वरच्या मजल्यावर क्लासच्या पोरी भाड्याने राहत होत्या, त्यांची वर्दळ असे, पण खाली सत्यशीलाबाई एकट्याच. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईला दिवस फार मोठा असतो. पुनमने पुन्हा विषय काढला. सहलवाल्यांनी तारीख रद्द न करता पुढे ढकलून ठेवली होती, असं ती म्हणाली. बाबांसाठी म्हणून तरी चल, मीही येते. सत्यशीलाबाई लातूरहून नांदेडला आल्या आणि निघायच्या दिवशीच पुनमच्या मुलीला ताप भरला. तेव्हा लेकीने त्यांना एकटीलाच गाडीत बसवून दिलं आणि खिडकीशी उभी राहून पुन्हा पुन्हा सांगितलं की वीरभद्र नावाचा माणूस हैदराबादला काचीगुडा स्टेशनवर घ्यायला येईल.

वीरभद्र चाळिशीतला, अंगाने सडपातळ, कमी बोलणारा माणूस होता. त्याचं आजोळ उदगीरकडचं, त्यामुळे त्याला मराठी येत होतं, जरा दखनी वळणाचं. स्टेशनाबाहेर त्याने बाईंना पाहिलं आणि पुढे यायच्या ऐवजी तो जागच्या जागीच उभा राहिला. मग जवळ येऊन त्याने नाव विचारलं. सांगितलेलं नाव पुन्हा एकदा विचारलं. बाईंना वाटलं, म्हातारी एकटीच आलेली पाहून गोंधळला असेल.

चारमिनारपाशी ते पोहोचले तेव्हा दुकानं अजून उघडायची होती. कोवळं ऊन मिनारांच्या वरच्या टोकाला लागलं होतं आणि खाली कबुतरं दाणे टिपत होती. वीरभद्रने बाईंना उभं केलं, कॅमेरा डोळ्याला लावला, मग खाली घेऊन त्यांना थोडं डावीकडे सरकायला सांगितलं. फोटो पाहिला तेव्हा बाई चौकटीच्या एका कडेला होत्या. शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी होती. त्यांनी विचारलं तर तो म्हणाला, मागची कमान दिसावी म्हणून. ते खरंही वाटलं, कारण कमान दिसत होती. पण इराण्याच्या हॉटेलात, चहाचा कप हाती घेतलेल्या फोटोत, मागे नुसती पिवळट भिंत होती आणि तिथेही बाई कडेलाच होत्या.

त्यानंतर त्यांच्या लक्षात येत गेलं की हा माणूस जागा शोधतच नाही. कुठेही गेलं की तो सरळ ठरलेल्या ठिकाणी जाऊन उभा राहतो, खिशातला मोबाईल काढून क्षणभर त्यात बघतो आणि मग बोटाने दाखवतो, इथं. गोवळकोंड्याला चढणीच्या तोंडाशीच तो थांबला. "वर न्हाई जायचं आपल्याला. तुमचे गुडघे दुखतात," तो म्हणाला. गुडघ्यांचं बाईंनी सांगितलं नव्हतं. पुनमने सांगितलं असेल, असं त्यांनी मनाशी धरलं. दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजवली की ती वर टेकडीच्या माथ्यावर ऐकू जाते, हे तिथले गाईड सगळ्यांना दाखवत होते. वीरभद्रच्या सांगण्यावरून बाईंनीही टाळी वाजवली. थोड्या वेळाने वरून कुणीतरी उत्तर दिलं, लागोपाठ दोन टाळ्या, कोरड्या, हात झटकल्यासारख्या. हनुमंतराव मिलमधून आले की उंबऱ्याबाहेर अशाच दोन टाळ्या वाजवून हातावरची डाळीची भुकटी झाडत. बाईंनी वर पाहिलं. माथ्यावर पुष्कळ माणसं होती, रंगीत ठिपक्यांएवढी.

"साहेब तर वरपर्यंत गेले होते," वीरभद्र कॅमेऱ्याचं झाकण लावत म्हणाला.

"कोण साहेब?"

त्याने ऐकलं न ऐकलंसं केलं आणि गाडी काढायला गेला.

दुपारी जेवायला थांबले तेव्हा सत्यशीलाबाईंनी पुनमला फोन लावला. नातीचा ताप विचारला, आणि मग सहज विचारावं तसं विचारलं की या सहलीचं तू बाबांना कधी बोलली होतीस का, किंवा या फोटोवाल्याशी त्यांचं बोलणं करून दिलं होतंस का. पुनम म्हणाली, नाही गं आई, आपलं ठरलं होतं ना त्यांना सांगायचं नाही म्हणून. मग तिने विचारलं, तू बरी आहेस ना. बाई म्हणाल्या, बरी आहे.

कुतुबशाही मकबऱ्यांच्या आवारात दुपार शांत होती. चिंचेच्या झाडाखाली एका दगडी ओट्यावर बाई बसल्या, आणि वीरभद्र कॅमेरा सरसावू लागला तेव्हा त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. इतकी वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या बाईंचा तो हात होता. तो थांबला.

"तुमच्या मोबाईलमध्ये काय हाय ते मला दाखवा," बाई म्हणाल्या.

तो शेजारी येऊन बसला आणि त्याने मोबाईल त्यांच्या हातात दिला.

चारमिनार, तेच कोवळं ऊन, तीच कबुतरं. आणि हनुमंतराव. घरात नुसता घडी घालून ठेवलेला, पुनमने दिवाळीला घेतलेला फिका निळा शर्ट त्यांनी घातला होता. डोळे उघडे होते. इतके उघडे आणि इतके सरळ की बाईंनी आधी ते डोळेच पाहिले, बाकी काही पाहिलंच नाही. मग त्यांना दिसलं की दाढी वाढलेली आहे, गाल आत गेलेले आहेत, आणि ते चौकटीच्या कडेला उभे आहेत. त्यांच्या डाव्या हाताला जागा मोकळी होती. इराण्याच्या हॉटेलात त्यांच्यासमोर चहाचे दोन कप होते. गोवळकोंड्याच्या माथ्यावर वारा त्यांचे केस उडवत होता. फोटोखाली तारीख होती ती गेल्या वर्षीच्या लग्नाच्या वाढदिवसाची. त्या दिवशी लातूरच्या घरात सुतक होतं आणि दारात चपलांचा ढीग होता.

"एकटेच आले होते," वीरभद्र हळू आवाजात म्हणाला. "मी विचारलं, बाईसाहेब कुठं हायत. तर म्हणाले, गेली. आठ दिवस झाले. सकाळी चहा ठेवायला उठली आन् वट्यापाशीच पडली. अंगात ताप होता तिच्या, म्हणाले. मी तिला पड म्हणणार होतो, पण माझा डोळा लागून राहिला."

चिंचेची बारीक पानं बाईंच्या मांडीवर पडत होती आणि त्या ती एकेक करून उचलत होत्या.

"दिवसभर बाजूची जागा सोडून हुबे राहिले. फोटोच्या मधात घेऊ दिलं न्हाई. हिथं ती हाय म्हणून समज आन् काढ, म्हणाले. सकाळी स्टेशनावर तुम्हाला पाहिलं तवा मला वाटलं, आपण परत जावं. पण तुमचं नाव तेच निघालं."

सत्यशीलाबाई रडल्या, पण ते रडणं वर्षभराच्या रडण्याहून वेगळं होतं. आपला माणूस गेला याचं दुःख त्यांना आता सवयीचं झालं होतं. आपल्यामागे तो कुठेतरी दाढी वाढवून, दोन कप चहा मागवून बसला आहे, हे मात्र त्यांना सोसवेना. तो जेवतो का, रक्तदाबाची गोळी घेतो का, वरच्या पोरींपैकी कुणी त्याच्याकडे डोकावतं का, असले प्रश्न त्यांच्या मनात एकामागून एक येत राहिले, आणि हे प्रश्न कुणाला विचारायचे ते कळेना. मग त्या उठल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या की राहिलेले फोटो काढून टाका. त्यानंतर वीरभद्रला काही सांगावं लागलं नाही. त्या आपणहून योग्य त्या ठिकाणी उभ्या राहत होत्या, उजवीकडे किंचित झुकून.

संध्याकाळी टँकबंडवर, तळ्याच्या पाण्यात दिवे उतरू लागले तेव्हा, वीरभद्रने कॅमेरा पिशवीत ठेवला. निरोपाचं काही बोलण्याऐवजी तो म्हणाला, साहेबांनी या वर्षीही दिवस ठरवलाय.

"कधीचा?"

"उद्याचा."

बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. रात्रीच्या गाडीचं परतीचं तिकीट त्यांच्या पर्समध्ये होतं. त्यांनी विचारलं, मी थांबले तर? वीरभद्र पाण्याकडे बघत म्हणाला, "त्यांनी एकट्याचंच ठरवलंय, बाई."

थांबावं असं त्यांना फार वाटलं. पण त्याहून जास्त भीती वाटली ती या गोष्टीची, की उद्या सकाळी चारमिनारपाशी ते येतील, आपण समोर उभ्या असू, आणि ते आपल्यातून आरपार मागच्या कमानीकडे बघतील. त्या स्टेशनवर आल्या. गाडी सुटण्याआधी त्यांनी वीरभद्रला एवढंच सांगितलं की उद्या साहेब आले तर आजचे माझे फोटो त्यांना दाखवा.

नांदेडला पोहोचल्यावर पुनमने सहल कशी झाली ते विचारलं. बाई म्हणाल्या, छान झाली. नात बरी झाली होती आणि आजीच्या मांडीवरून उतरायला तयार नव्हती. तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी न राहवून वीरभद्रला फोन केला. दोनदा वाजून बंद झाला, तिसऱ्यांदा त्याने उचलला.

"काल आले होते," तो म्हणाला. "फोटो दाखवले. लई येळ बघत बसले, बाई. एकेक फोटो मोठा करून बघून राहिले."

"काय म्हणाले?"

"काहीच न्हाई. फकस्त विचारलं, ती कोणत्या गाडीनं गेली. मी सांगितलं. हिथंच हैदराबादला हायत अजून. आज रातीच्या त्याच गाडीनं निघतो म्हणाले."

फोन ठेवून सत्यशीलाबाई पलंगावर बसल्या. लेकीला सांगावं की नाही, त्यांना ठरवता येईना. सांगितलं तर ती घाबरेल, जावयाला बोलावील, उद्या कुठल्यातरी डॉक्टरकडे नेईल. पण मनात ठेवणंही होईना. त्या स्वयंपाकघरात गेल्या. पुनम भाकरी थापत होती. तिच्या पाठीकडे पाहत, शक्य तितक्या साध्या आवाजात त्या म्हणाल्या की वीरभद्रला फोन केला होता, तुझे बाबा उद्या सकाळच्या गाडीनं नांदेडला येऊन राहिलेत.

पुनमने तव्यावरच्या भाकरीला पाणी लावलं, ती उलटली, कडा बोटांनी दाबली. मग गॅस बारीक करून ती आईकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नवलही नव्हतं. होता तो फक्त थकवा, घरातलं एखादं काम फार दिवस एकटीने ओढत असल्यासारखा.

"या बारीला स्टेशनवर तू जा, आई," ती म्हणाली. "गेल्या साली त्यांना आणायला मीच गेले होते."