टाकीतला तांदूळ

प्रांजलीला पहिल्यांदा दिवस गेले त्या वर्षीची, म्हणजे दोन हजार एकोणीसची ही गोष्ट. तिच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि तिचा बाप आणि सासरा दीड वर्ष एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण लग्नातच झालं. नवरदेवाच्या चरोद्याहून भिलाईत मुलीच्या सेक्टर दोनला यायचं, दहा-बारा किलोमीटरची वाट, आणि वऱ्हाड तीन तास उशिरा आलं. मुलीचे वडील शामराव माईकवरून पाहुण्यांना जरा बसून राहा म्हणून सांगत होते. सांगून झाल्यावर भटजींकडे वळून हळूच म्हणाले, "रेल्वेवाले हायेत, टायमावर येतीन कावून?" माईक चालूच होता. नवरदेवाचे वडील नरहरी नेमके तेव्हाच मांडवाच्या दारात पोचले होते. त्यांची हयात रेल्वेची डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेली. अख्खा मांडव हसला. नरहरींनी अक्षता टाकल्या आणि न जेवता परत गेले.

आता प्रांजलीला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण सासऱ्याने 'घेऊन जा' म्हणायचं नाही आणि बापाने 'पाठवा' म्हणायचं नाही, असा पेच पडला. कोजागिरीनंतर आठवा लागणार होता. आठव्यात गरोदर बाईला प्रवास करू देत नाहीत. प्रांजलीची आई वच्छला रोज कॅलेंडरसमोर उभी राहायची आणि नवऱ्याकडे पाहून सुस्कारा टाकायची. शामरावांना वाटायचं, हिचे गुडघे दुखतात.

शामराव स्टील प्लांटच्या मशीन शॉपमधून निवृत्त झालेले. घरी बसून त्यांनी एक छोटं विमान केलं होतं. दोन बारीक तारांना बांधलेलं, माणसाने मधे उभं राहून गोल गोल फिरवायचं. त्याला मुठीत मावेल एवढं इंजिन. ते एरंडेल मिसळलेल्या स्पिरिटवर चालायचं आणि चाललं की शेजारपाजारचे सगळे कुत्रे ओरडायचे.

सतरा सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा. भिलाईत त्या दिवशी यंत्र चालवत नाहीत, पुजतात. शामरावांनी इंजिन, पाने-पेचकस, टाकी, सगळं धुऊन पाटावर मांडलं. वच्छलाने हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, मूठभर अक्षता टाकल्या.

दुसऱ्या दिवशी इंजिन एका झटक्यात चालू झालं. विमान सरळ धरलं की छान गर्जायचं. नाक वर केलं की दोनदा खोकायचं आणि बंद.

शामरावांनी प्लग बदलला. तेल कमी-जास्त करणारी सुई दोन आटे उघडली, दीड आटे बंद केली. नळी नवी घातली. प्रत्येक गोष्ट तपासली की भिंतीवर खडूने तिचं नाव लिहून बरोबरची खूण करायची, ही त्यांची प्लांटमधली सवय. तीन दिवसांत भिंत भरली. इंजिन मात्र नाक वर केलं की बंद.

"टाकी तेवढी धुऊन दे," शामराव चौथ्या दिवशी म्हणाले. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, म्हणून बारीक धुण्याची कामं वच्छलाकडे असत.

वच्छलाने टाकी खिडकीशी उजेडात धरली. दुधी प्लास्टिकची टाकी, एरंडेलाने पिवळी पडलेली. आत एक तांदूळ होता. टाकी वाकडी केली की घरंगळत मागे जायचा आणि तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी बसायचा. म्हणजे नाक वर झालं की तांदूळ मागे, आणि इंजिन उपाशी!

ती "अहो" म्हणायला वळली आणि थांबली. इंजिन म्हटल्यावर दोन्ही घरांत दुसरं कोणाचं नाव येतं, ते तिला आठवलं. तिने तांदूळ आतच राहू दिला आणि प्रांजलीला फोन लावला.

"तुझ्या सासऱ्याच्या कानावर जाईन असं बोल," ती म्हणाली. "म्हण, बाबा म्हणून राहिले, डिझेलवाल्यायले एवढंसं इंजिन समजत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला नरहरी व्हरांड्यात उभे. शर्टाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेला पेचकस डोकावत होता.

"इहीणबाई, इकडे कामानं आलतो. म्हटलं पाणी पिऊन जावं."

शामरावांनी मान वर केली नाही. "वच्छला, त्यायले सांग, पाणी स्वयंपाकघरात हाय. इथं इंजिन हाय."

"इहीणबाई, त्यायले सांगा, इंजिन असतं तर आवाज आला असता."

शामराव उठले. प्लगला बॅटरी लावली, काडीने पंखा फिरवला. इंजिन किंचाळलं, जळक्या एरंडेलाचा वास पसरला. नाक वर केलं. खोक, खोक, बंद.

"हवा धरून राहिलं," नरहरी खुर्ची ओढत म्हणाले.

"हवा कुठून धरीन? नळी नवी हाय!"

"नवी हाय म्हणूनच. नवी नळी अन् नवा जावई, दोघं लीक मारतात."

"जावई तुमचाच पोरगा हाय ना!"

"म्हणून तर सांगून राहिलो!"

शामरावांना हसू आलं आणि त्यांनी ते नाकातून सोडलं. आपण थेट बोलून राहिलो हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. वच्छलाच्या आलं. ती मुकाट पाणी घेऊन आली.

तिसऱ्या दिवशी नरहरींनी टाकी वच्छलाच्या चहाच्या गाळणीत उपडी केली. पिवळा तांदूळ गाळणीत पडला.

"विश्वकर्माचा प्रसाद!" शामराव मांडीवर थाप मारून ओरडले. भिंतीवर 'टाकी' लिहून खूण केली. नरहरी हात पुसून चपला शोधू लागले.

वच्छला दाराशी आडवी आली. तीन दिवसांत पोरीचं नावही निघालं नव्हतं.

"थांबा, चहा ठेवला हाय," ती म्हणाली. कपबशा मांडताना तिची मूठ टाकीच्या उघड्या तोंडावरून गेली.

चहा झाल्यावर शामरावांनी टाकी भरून बसवली आणि नाक वर केलं. खोक, खोक, बंद.

"उद्या येतो," नरहरी म्हणाले.

मग दोन दिवस ते रोज आले. पुन्हा टाकी पाहावी असं शामरावांच्या मनात आलं नाही. भिंतीवर खूण झाली म्हणजे झाली. तिसऱ्या दिवशी शामराव पॉवर हाऊस भागातल्या बाजारात नवा प्लग शोधायला गेले आणि नरहरी एकटे मागे राहिले.

"खूण पाहून गाडी सोडली की ती जंगलात उभी राहते," ते स्वतःशीच बोलले आणि गाळणी मागितली.

वच्छलाला गाळणी द्यावीच लागली.

"इहीणबाई, पूजेच्या तांदळाले हळद असते," थोड्या वेळाने नरहरी म्हणाले.

"असते."

"हा पांढरा हाय."

"डब्यातला हाय."

"कावून पण?"

"पोरीले आठवा लागून राहिला, भाऊ. तुमी घेऊन जा म्हणत नाही, हे पाठवा म्हणत नाही. पयल्याच दिवशी इंजिन चाललं असतं, तर तुमी दुसऱ्या दिवशी या घरी आले असते?"

नरहरींनी गाळणी खाली ठेवली. मग त्यांचं पोट हलायला लागलं. तोंडात रुमाल कोंबून ते पोटभर हसले, तांदूळ स्वतःच्या बोटाने टाकीत टाकला आणि बूच दाबलं.

शामराव आले तेव्हा नरहरी पायावर पाय टाकून बसले होते.

"फॉल्ट भेटला. पाच मिनिटाचं काम हाय."

"मंग करा ना!"

"नाही करत."

"कावून?"

"माझ्या सुनेचा बाप चरोद्याले येईन, माझ्या घरी जेवीन अन् पोरीले घेऊन येईन. त्या दिवशी इंजिन चालन."

शामरावांनी इंजिनाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. पेचकस उगाच या हातातून त्या हातात घेतला.

"मले वाटे, तुमी पाठवाच नाही," ते शेवटी म्हणाले.

"मले वाटे, तुमी याच नाही."

"जेवाले काय असन?"

"सांबारवडी."

"पितृपक्ष हाय. रविवारी घट बसतात. सोमवारी येतो."

सोमवारी ते गेले, कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीच्या सात वड्या खाल्ल्या आणि प्रांजलीला घेऊन आले. संध्याकाळी नरहरीही आले. सगळ्यांकडे पाठ करून त्यांनी टाकी साफ केली आणि मूठ खिशात घातली.

क्वार्टरामागच्या मैदानात विमान उठलं. नाक वर गेलं तरी खोकलं नाही. शामराव हातात तारा धरून भोवऱ्यासारखे फिरले. नवव्या फेरीला त्यांना भोवळ आली, तेव्हा नरहरींनी मागून कमरेला धरलं. मग दोघंही फिरायला लागले. प्रांजली पोटाला हात लावून हसत होती आणि वच्छला तिला, "बस खाली, बस," म्हणत होती.

"फॉल्ट काय होता पण?" शामरावांनी धापा टाकत विचारलं.

"प्लांटवाल्यायले समजाचा नाही," नरहरी म्हणाले.

डिसेंबरात प्रांजलीला मुलगी झाली. बाराव्या दिवशी दोन्ही आजे एका ताटात जेवले आणि शेवटच्या वडीवरून भांडले.

नरहरी दोन हजार एकवीस साली, बारा एप्रिलला, सोमवारी दुपारी, चरोद्याला आपल्या घरी वारले. फॉल्ट काय होता ते त्यांनी शामरावांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.