कोरा रकाना

त्या पत्राला आपण उत्तर दिलेलं नाही, हे आकडेकाकांना नेमकं सकाळी दात घासताना आठवायचं. तोंडात फेस आणि समोर आरसा, म्हणजे नजर चुकवायलाही जागा नाही. चार महिने हे असंच चाललं होतं.

पत्र विद्यापीठाच्या रसायन प्रयोगशाळेतल्या सहायक बाईंचं होतं. बोटाच्या पेराएवढी मोठी अक्षरं, पानावर जेमतेम सात ओळी, अशी पाच पानं. 'माझी दृष्टी अधू आहे. बाटल्यांवर मोठ्या अक्षरांच्या चिठ्ठ्या आणि टेबलावर एक दिवा, एवढंच मागितलं. आस्थापना विभाग म्हणतो, तुमच्या माहितीत अपंगत्व "नाही" असं आहे, मग आताच कसं आठवलं? फॉर्म भरताना "आहे" लिहायचा धीर झाला नव्हता आणि खोटं लिहवत नव्हतं, म्हणून मी रकाना कोरा सोडला. माझ्या वतीने "नाही" कुणी लिहिलं, ते सांगाल का? इथे सगळे मला खोटारडी समजतात.'

कुणी लिहिलं, हे काकांना चांगलंच ठाऊक होतं. विद्यापीठाच्या कचेरीत कर्मचाऱ्यांच्या अपंगत्वाची माहिती गोळा करून वर्षाला एक तक्ता बनवायचा, हे त्यांचंच काम. नऊ वर्षांपूर्वी पहिल्यांदा फॉर्म आले तेव्हा तीनशे बारा जणांनी तो रकाना कोरा ठेवला होता. तक्त्यात मात्र घरं दोनच, 'आहे' आणि 'नाही'. बेरीज काही केल्या जुळेना, वरून घाई. तेव्हा काकांनी स्वतःपुरता नियम करून टाकला. कोरा म्हणजे नाही, आणि यादीत त्या सगळ्यांच्या नावापुढे 'नाही' लिहून टाकलं. बेरीज जुळली, साहेब खूश झाले, आणि 'आकडेकाका' हे नाव चिकटलं ते कायमचं.

उत्तराचे कागद त्यांनी कितीदा तरी फाडले. 'दिलगीर आहे' लिहिलं की ते फार गुळगुळीत वाटायचं. 'चूक झाली' लिहिलं की वाटायचं, झाली कसली, आपण केली. तेवढ्यात पाच महिन्यांवर आलेली निवृत्ती आठवायची आणि पेनाचं टोपण बंद व्हायचं.

त्या शुक्रवारी हेडक्लार्कबाई त्यांच्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "काका, प्रयोगशाळेतल्या बाईंची चौकशी लागलीय बुधवारी."

"हो हो, ठेवा तिथेच."

"काय ठेवू? चौकशी?" बाई वळसा घालून समोर आल्या. "तुम्हाला पुस्तकातून बाहेर काढायला क्रेन मागवावी लागेल. अहो, खोटी माहिती दिली म्हणून चौकशी! बिचारी रजा टाकून घरी बसलीय. नोकरी जाते म्हणतात."

काका पुस्तकात बुडालेले असतात, अशी कचेरीची समजूत होती आणि काकांनी ती कधी खोडली नव्हती. डावा कान बारा वर्षांपासून ठार बहिरा होता, आणि उजवाही अर्धवटच ऐकायचा. मांडीवर पुस्तक उघडं असलं की माणूस नुसता विसरभोळा ठरतो, त्याला कुणी काही विचारत नाही. हळूहळू मग कुणी काही सांगतही नाही.

दुपारी ते दप्तरखान्यात गेले. प्रयोगशाळेतल्या बाईंचा फॉर्म तिसऱ्या गठ्ठ्यात सापडला. रकाना खरोखर कोरा होता. फक्त दोन चौकोनांच्या मधोमध पेनाचा एक ठिपका होता. टेकवलेलं पेन तसंच उचललेलं. काका त्या ठिपक्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी स्वतःचा फॉर्म शोधला. तोही कोरा. यादीत त्यांच्या नावापुढे त्यांच्याच हाताने लिहिलेलं, 'नाही'. आपण केलेल्या नियमाआड आपणच सगळ्यांत आधी लपलो होतो, हे त्यांना उभ्या उभ्या कळलं.

संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. काकांच्या खोलीत खुर्च्या दोन होत्या. एक बसायला, दुसरीवर पुस्तकं.

"दादा, ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"मग मी आत्ता काय म्हणाले, सांग."

एरवी ते हसून विषय बदलत. आज म्हणाले, "अगं, डाव्या कानाने मला ऐकू येत नाही. बारा वर्षं झाली."

पलीकडे शांतता. फोन कटला की उजवाही कान गेला, ते काकांना कळेना.

"म्हणजे एवढी वर्षं मी भिंतीशी बोलत होते?"

"छे गं. अर्धं पोचत होतं."

"अर्धंच? मग भाऊजींच्या चुगल्या तरी पोचल्या का?"

"त्या सगळ्या पोचल्या."

ती हसली, मग म्हणाली, "सांगायचं तरी होतंस, दादा." फोन ठेवला तेव्हा खोली रोजच्यापेक्षा जास्तच शांत वाटली.

शनिवारी सकाळी ते लिहायला बसले. त्यांचं अक्षर मुंगीएवढं. बाईंना ते दिसणार नाही, म्हणून जाड पेन आणलं आणि लहान मुलासारखं एकेक अक्षर मोठं काढलं. गुळगुळीत वाक्यांना पानावर जागाच उरली नाही.

'तुमचा रकाना कोरा होता. "नाही" मी लिहिलं. तुम्हाला विचारायला हवं होतं, विचारलं नाही. तुम्ही खोटं बोलला नाहीत. मूळ फॉर्मची नक्कल माझ्या सहीने सोबत जोडली आहे. चौकशी समितीलाही हेच लिहून पाठवत आहे. बोलावलं तर येईन. मात्र माझ्या उजव्या बाजूला बसून विचारावं लागेल. डावीकडचं मला ऐकू येत नाही, आणि माझाही रकाना कोराच होता. उत्तराला चार महिने लावले. त्याचं कारण भीती, दुसरं काही नाही.'

चार पानं भरली. घडी जाडजूड झाली, पाकीट कसंबसं चिकटलं. दुसरं पाकीट समितीच्या नावाचं. दुपारच्या आत पेटीत पडलं तर सोमवारी पोचणार होतं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी ते थांबले. मागून एक बाई काहीतरी म्हणाली, बहुधा 'टाकताय का?' असं. काकांनी उजवा कान तिच्याकडे वळवला.

"काय म्हणालात? जरा मोठ्याने बोला, मला कमी ऐकू येतं."

"म्हटलं, टाकताय का नुसतेच उभे आहात?"

"टाकतोय," काका म्हणाले, आणि दोन्ही पाकिटं त्यांनी आत सोडली.