येतो गं, ताई

माझा भाऊ तापट आणि मी त्याच्याहून. एका घरात दोन तापट माणसं असली की तिसऱ्याचे हाल होतात. आमच्याकडे ती तिसरी म्हणजे आई. त्या सकाळी त्याने कप ओट्यावर आपटून जाहीर केलं, की नदीच्या वरच्या अंगाला नवं धरण बांधतायत, तिथे त्याला काम मिळालंय आणि तो जाणार. मी म्हटलं, "का, आपल्या धरणातलं पाणी आटलं?" शब्दाने शब्द वाढला. शेवटी बूट चढवून तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "जातो."

आमच्याकडे 'जातो' म्हणायची सोय नाही. कोपऱ्यावर मीठ आणायला निघालं तरी 'येतो' म्हणायचं, नाहीतर आई हाक मारून परत बोलावते आणि म्हणायला लावते. त्या दिवशी तिने हाकही मारली नाही. भांडी घासत राहिली.

आम्ही दोघं एकाच वीजघरात. धरणाची दारं माझ्या बटणांवर उघडतात आणि तो खाली वेल्डर. तेव्हा दोन नंबरचं यंत्र बंद होतं, आणि वापरलेलं पाणी नदीत सोडणारा त्याचा बोगदा कोरडा करून भाऊ आतल्या पोलादी अस्तराच्या चिरा सांधत होता. नदीकडच्या तोंडाला तात्पुरतं लोखंडी दार लावलं होतं. नदी खाली असेपर्यंत ते ठीक, पण धरणाची दारं उघडली की नदी चढून त्यावरून आत घुसणार. म्हणून माझ्या टेबलामागे एक फळा होता. त्यावर 'आत' आणि 'बाहेर' असे दोन रकाने आणि प्रत्येकाच्या नावाचा पत्र्याचा बिल्ला. नियम एकच. आपला बिल्ला आपणच येऊन हलवायचा.

दुपारी बोगद्यात उतरायच्या लोखंडी झडपेजवळच्या फोनवरून भाऊ बोलला. "वरचा जोड झाला." मग जरा थांबून, "सकाळचं मनात ठेवू नकोस. येतो गं, ताई." आणि फोन ठेवला.

मला हायसं वाटलं. आता बाहेर येतोच आहे, तर बिल्ल्यासाठी त्याला एवढे जिने कशाला चढायला लावायचे, म्हणून मीच उठले आणि त्याचा बिल्ला 'बाहेर'मध्ये अडकवला. भांडण मिटवायची ही माझी रीत. जळो ती रीत.

थोड्याच वेळात त्या वरच्या, अर्धवट बांधलेल्या धरणावरून निरोप आला. त्यांच्याकडे पाण्याचा लोंढा आला होता आणि त्यांनी आगाऊ न कळवता पाणी सोडलं होतं. आमचा तलाव आधीच काठोकाठ. पाळीचे साहेब धावत आले. "दारं उघडावी लागतील. पाणी भिंतीवरून गेलं तर धरणाचं काही खरं नाही. खाली कोण आहे?"

मी फळ्याकडे बोट दाखवलं. 'आत' रिकामं होतं. भावाबरोबर काम करणारा फिटर, ज्याला सगळे 'पाना' म्हणतात, डबा उघडून बसला होता. साहेबांनी त्याला विचारलं, "वेल्डर?"

"मी वर निघालो तेव्हा ताईंशीच फोनवर बोलत होता."

"बाहेर आहे तो," मी म्हणाले. सख्खी बहीण सांगतेय म्हटल्यावर कोण आणखी विचारणार?

भोंगा झाला. मी बटण दाबलं. पहिलं दार वर सरकायला लागलं, काटा हलला. साहेबांनी हेल्मेट उचललं. "मी भिंतीवरून एक नजर टाकून येतो," म्हणाले आणि दाराबाहेर पडले.

येतो म्हणाले आणि गेले.

काम संपलं असं भाऊ म्हणालाच नव्हता. वरचा जोड झाला म्हणजे खालचा बाकी होता. तो सकाळच्या 'जातो'ची भरपाई करत होता. 'येतो' म्हणाला होता आणि आत गेला होता.

मी दार परत खाली घेतलं. काटा उलटा फिरताना कमालीचा सावकाश वाटला. साहेब जिन्यावरूनच परतले. "अहो बाई, काय चाललंय? तलाव चढतोय."

"भाऊ आत आहे."

"तुम्हीच म्हणालात ना, बाहेर आहे?"

"तो येतो म्हणाला, साहेब. तुम्हीही आत्ता येतो म्हणूनच गेलात."

त्यांना आणखी समजवावं लागलं नाही. पाना डबा तसाच टाकून जिन्याकडे पळाला. मी झडपेजवळचा फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. आत पंखा आणि ग्राइंडर चालू असला की भोंगासुद्धा ऐकू जात नाही.

साहेब तलावाच्या पातळीकडे बघत उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "लाल रेषेपर्यंत थांबतो. त्यापुढे मला थांबता येणार नाही. बटण मी दाबीन, तुम्ही बाहेर जाऊन उभ्या राहा."

मी जागची हलले नाही. देवाला काही कबूल करावं एवढंही सुचेना. पातळी रेषेला टेकली. साहेबांनी हात पुढे केला आणि खाली फोन उचलला गेला.

"कोणी दार उघडलं?" भाऊ तापलेला होता. "बूट भरले माझे."

"तू बाहेर आहेस?"

"बाहेर."

"नीट सांग. कुठे उभा आहेस?"

"जिन्यावर, ताई. पान्याने मागून कॉलर धरलीय."

"झडप लावली?"

"लावली."

मग मी दाबलं. पहिलं दार, दुसरं, तिसरं. नदी गरजत चढली आणि बोगदा पाण्याने भरला.

तो वर आला तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजलेला होता. त्याने फळ्याकडे पाहिलं. "हा कोणी हलवला?"

"मी."

त्याने बिल्ला काढून आधी 'आत'मध्ये लावला, मग तिथून उचलून स्वतःच्या हाताने 'बाहेर'मध्ये. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आईला आम्ही सगळं सांगितलं. पुढच्या महिन्यात तो वरच्या धरणावर निघाला. बॅग खांद्याला लावून दारात उभा राहिला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "येतो."

"म्हणजे नक्की काय?" मी विचारलं.

त्याने आईकडे पाहिलं. "जातो."

आईने त्याला परत बोलावलं नाही. "पोचलास की फोन कर," ती म्हणाली, "आणि कुठे उभा आहेस ते सांग."