रुखवताशेजारची जागा

खाली

अप्पारावची जुनी पांढरी व्हॅन जालन्यात कडूबा मिस्त्रीच्या गॅरेजात जॅकवर चढली होती. दोन हजार सहा साल, फेब्रुवारीतला साधासा मंगळवार. महिनाभर गाडी ओढत नव्हती. चार माणसं बसली की चढाला धापा टाकायची. कडूबानं सायलेन्सरच्या अलीकडचा लोखंडी डबा कापून काढला आणि कानाशी हलवला. आतली जाळी फुटून तिचा चुरा झाला होता, धुराची वाट तुंबली होती.

"ह्याला कन्व्हर्टर म्हणतेत, मालक. धुरातलं जहर ह्या जाळीत जळतं. नवाच टाका."

नवा औरंगाबादेहून यायला चार दिवस लागणार होते. अप्पारावच्या घरी गुरुवारी लग्न होतं. वारलेल्या थोरल्या भावाची लेक बेबीनंदा राजूरहून आष्टीला द्यायची होती. त्यानं डब्याच्या जागी साधा पाइप जोडायला सांगितलं. गॅरेजात होता तो पाइप आखूड पडला. त्याचं तोंड बंपरापर्यंत न पोचता गाडीच्या पोटाखालीच राहिलं. त्याच्या वरचा, गाडीच्या मागच्या भागाच्या तळाचा पत्रा गंजून दोन ठिकाणी भोकं पडली होती. कडूबानं त्यांत बोट घालून दाखवलं आणि हे बुजेपर्यंत मागं माणूस बसवू नका म्हणून बजावलं.

"मागं कोण बसतंय?" अप्पाराव म्हणाला. "मागं सामान राह्यतं."

गाडी झकास पळू लागली.

मागं

त्या सामानात चांगुणाबाई होती. नवरीची आई.

नवरा गेल्याला अकरा वर्षं झाली होती. दुसऱ्याच्या रानात कापूस वेचून तिनं लेकीला बारावीपर्यंत शिकवलं. रुखवतातली एकूण एक वस्तू तिच्या हातची. हळद जाऊ प्रभावतीनं लावली, कन्यादान दीर-जाऊ करणार होते. त्यावर तिचं काही म्हणणं नव्हतं. अक्षता पडताना लेकीला लांबून का होईना बघायचं, एवढंच तिला पाहिजे होतं. सासू द्वारकाबाईनं तेवढं कबूल केलं, पण अट घातली: घरातून निघताना विधवेचं तोंड नवरीच्या नजरेला पडायचं नाही.

म्हणून गुरुवारी सकाळी व्हॅन आधी परसात नेली. चांगुणाबाईला मागच्या दारानं आत बसवलं. तिच्याभोवती रुखवताच्या टोपल्या रचल्या. करंज्यांवर धूळ बसू नये म्हणून मागच्या काचा लावून घेतल्या. दार ओढलं. ते दार आतून उघडत नाही. मग गाडी अंगणात आली आणि नवरीला बाहेर आणलं.

मधल्या सीटवर बसताना बेबीनंदाला टोपल्यांच्या फटीतून पदर दिसला.

"आई, इथं माह्यापाशी बस की."

"म्या बरी हाय. तू मागं वळून बघू नको, चांगलं नसतंय."

हे बोल तिला त्या वेळी कुणी सांगितले नव्हते. अकरा वर्षांत ते तिच्यात मुरले होते.

रस्त्यात

तीन तासांची वाट. पुढं अप्पाराव आणि भावकीतले म्हातारे रखमाजी, दोघांच्या काचा खाली, तोंडावर वारा. मधे द्वारकाबाई, नवरी, प्रभावती. जालना मागं पडलं तेव्हा चांगुणाबाईनं डोकं जड झाल्याचं सांगितलं. लेक चालली की समद्याच मायचं डोकं धरतं, अशी सासूनं समजूत घातली. प्रभावतीलाही थोडं गरगरत होतं. तिनं ते पहाटेच्या जागरणावर ढकललं.

पुढं मागून उमाळ्यासारखा आवाज आला. मग काचेवर टकटक. तीनदा. जरा वेळानं दोनदा.

रखमाजी वळू लागले.

"वळू नका," द्वारकाबाई म्हणाली. "रडून राह्यली ती. रांडमुंड बाईचं रडणं शुभकार्यात बघू न्हाई."

बेबीनंदाची मान वळली तशी आजीनं तिची हनुवटी धरून पुढं केली. हात मायेचाच होता.

मग

टकटक थांबली.

"निजली जनू," प्रभावती म्हणाली. गाडीतल्या सगळ्यांना बरं वाटलं.

मांडवात

आष्टीत रुखवत उतरवायला अप्पारावनं मागचं दार उघडलं. आतून धुराचा लोट नाकात गेला. चांगुणाबाई टोपल्यांना टेकून कलंडली होती. पदर ओकारीनं भिजलेला. चेहरा गुलाबी, गेल्या अकरा वर्षांत कधी नव्हता इतका टवटवीत. त्यानं "वहिनी" म्हणून दोनदा हाक मारली. श्वास चालू आहे का, ते मात्र पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. मांडवातून मुहूर्ताची घाई चालली होती. नवरीची माय अशी पडलेली दिसली तर मुलाकडचे पाटावरून उठतील, हे त्याला बराबर माहीत होतं.

त्यानं टोपल्या उतरवल्या आणि दार पुन्हा लावलं.

मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. बेबीनंदा सगळा वेळ गर्दीत एकच तोंड शोधत होती. काकू म्हणाली, मागं बसलीय, बघून राह्यली. पंगती उठल्या. त्यानंतर गाडी दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी गाडीचा धूर हे कारण सांगितलं. तासभर आधी आणलं असतं तर कदाचित वाचली असती, म्हणाले.

बेबीनंदा शालूतच आली होती.

"काका, माळ घालायच्या टायमाला आई जिती होती का?"

 पोलिसांच्या जबाबात अप्पारावनं लिहून दिलं की वहिनीची प्रकृती मुळातच नाजूक होती.

पुढच्या लगीनसराईत व्हॅन पुन्हा वऱ्हाडं नेऊ लागली. पाइप तोच, भोकं तीच. या मरणातून भावकीनं धडा मात्र घेतला. विधवा लग्नाच्या गाडीत बसली आणि काय झालं ते समद्यांनी डोळ्यांनी पाहिलं, असं बाया पाणवठ्यावर एकमेकींना सांगतात. मांडवात मरण आणलं तिनं, म्हणतात.

परवा शेजारच्या गल्लीतल्या पुष्पाबाईच्या लेकीचं लग्न झालं. पुष्पाबाईचा नवरा मागच्या साली गेला. गाडीत मधल्या सीटवर एक जागा रिकामी होती.

"म्या नको," पुष्पाबाई म्हणाली.

कुणी आग्रह केला नाही.